नाकाला बंदरातील तूर आणि कळमन्याचा भाव

शेतकरी मेळाव्यात तुरीच्या लागवडीवर बोलणे झाले की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. वाण, अंतर, मर रोग, शेंगा पोखरणारी अळी हे सर्व विचारून झाल्यावर मागच्या रांगेतील एखादा वयस्क शेतकरी उभा राहतो आणि म्हणतो, "ते सगळं खरं सर, पण तूर आता विकू की ठेवू, तेवढं सांगा." कृषिविद्येच्या प्राध्यापकाजवळ या प्रश्नाचे तयार उत्तर नसते. भाव किती होईल हे छातीठोकपणे सांगणारा मनुष्य एकतर भोळा असतो किंवा त्याला स्वतःचा माल विकायचा असतो. तथापि भाव कशाने हलतो हे समजून घेता येते, आणि ते समजले म्हणजे निर्णय निदान डोळे उघडे ठेवून घेता येतो.

तुरीचा भाव हलविणाऱ्या गोष्टींपैकी एक आपल्या शिवारापासून फार दूर आहे. ती म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बंदरे. कळमना बाजारात आपण पोते उघडतो तेव्हा दाळमिलवाल्याच्या डोक्यात मुंबईत उतरलेल्या आफ्रिकी तुरीचा भाव आधीच असतो. तो आपल्याही डोक्यात असावा, यासाठी हा लेख लिहिला आहे.

तूर कोठून येते?

भारत हा जगातील सर्वांत मोठा तूर पिकविणारा आणि सर्वांत जास्त तूर खाणारा देश आहे. देशात साधारणपणे ३४ ते ३६ लाख टन तूर पिकते. गरज त्याहून जास्त असते. ही तूट म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतील देश भरून काढतात. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे १२ लाख टन तूर आयात झाली. म्हणजे देशात पिकलेल्या दर तीन पोत्यांमागे एक पोते बाहेरून आले.

म्यानमारच्या तुरीला व्यापारी 'लेमन' म्हणतात. आफ्रिकी तुरीची बाजारातील नावेही आपण ऐकली असतील: गजरी, अरुषा, मटवारा, मालावी लाल. यातील अरुषा हे टांझानियातील शहर आहे आणि 'मटवारा' म्हणजे त्याच देशाच्या दक्षिण टोकाचे म्त्वारा बंदर. बंदराचे नाव मालाला चिकटले आणि ते कळमन्यापर्यंत येऊन पोहोचले.

मोझांबिकच्या उत्तरेकडील नाम्पुला व झांबेझिया प्रांतांत आणि शेजारच्या मालावीत लहान शेतकरी मक्यामध्ये तूर घेतात. आपण जशी कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये तुरीची तास घालतो तसाच हा प्रकार आहे. त्यांच्याकडेही कोरडवाहू शेती, दोन-चार एकरांचे धारण आणि गावात मोटारसायकल घेऊन येणारा खेडा खरेदीदार असतो. घरी खाण्यापुरती तूर ठेवून बाकीची बरीचशी विकण्यासाठी असते आणि तिचे मुख्य गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे भारत. तेथील काही सुधारित वाण हैदराबादजवळील पाटणचेरू येथे मुख्यालय असलेल्या इक्रिसॅट या संस्थेच्या संशोधनातून आले आहेत. आयसीईएपी ०००४० हा मर रोगास प्रतिकारक, टपोऱ्या दाण्याचा वाण टांझानियात 'माली' आणि मालावीत 'काचांगू' या नावाने पेरला जातो. आपल्याकडील 'आशा' हा वाणही याच संस्थेचा. तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवरील शेतकरी एका अर्थाने भाऊबंद आहेत.

बंदरांची ओळख

१) नाकाला (मोझांबिक) : नाम्पुला प्रांतातील हे बंदर एका खोल उपसागरात वसलेले आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील उत्तम नैसर्गिक बंदरांत त्याची गणना होते. पाणी मुळातच खोल असल्याने जहाजाच्या वाटेतील गाळ वारंवार उपसावा लागत नाही. मालावी या देशाला समुद्र नाही. त्याला १९७० मध्ये रेल्वेने नाकालाशी जोडण्यात आले. पुढे मोझांबिकमध्ये यादवी युद्ध पेटले, १९८० च्या दशकात हा मार्ग बंद पडला, आणि १९९२ च्या शांतता करारानंतर तो हळूहळू पुन्हा सुरू झाला. अलीकडच्या काळात जपानच्या अर्थसाहाय्याने धक्के, कंटेनरचे आवार व क्रेन यांचे नूतनीकरण झाले आहे. उपसागराच्या पलीकडच्या काठावर, नाकाला-आ-वेल्या येथे, कोळशासाठी वेगळा धक्का आहे.

२) बैरा (मोझांबिक) : हे पुंग्वे नदीच्या मुखावरील बंदर. झिंबाब्वे, मालावी व झांबिया यांचा माल येथून जातो. नदीचा गाळ साचत असल्याने सतत उपसा करावा लागतो. मार्च २०१९ मधील 'इदाई' चक्रीवादळाने या शहराची मोठी हानी केली.

३) दार-ए-सलाम व म्त्वारा (टांझानिया) : दार-ए-सलाम हे टांझानियाचे मुख्य बंदर असून झांबिया, कांगो, रवांडा, बुरुंडी या देशांचा मालही तेथून ये-जा करतो. मे २०२४ मध्ये तेथील एका कंटेनर टर्मिनलचे काम भारतीय कंपनीने ३० वर्षांच्या कराराने घेतले. म्त्वारा हे लहान पण खोल पाण्याचे बंदर काजूसाठी प्रसिद्ध आहे. विशेष म्हणजे ते भुईमुगामुळे उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने टांगानिकात लाखो एकरांवर भुईमूग पिकविण्याची योजना आखली, त्यासाठी येथे धक्का बांधला. जमीन व पाऊस यांचा अभ्यास न केल्याने योजना फसली, धक्का मात्र राहिला.

पोत्याचा प्रवास

बंदर म्हणजे केवळ जहाज लागण्याची जागा नव्हे. आपल्या बाजार समितीत जसे प्रवेशद्वार, वजनकाटा, ओटे, गोदाम, अडत्याची गादी आणि बाहेर ट्रकची रांग असते, तसेच सर्व तेथे असते. फक्त प्रमाण मोठे. नाकालाच्या तुरीचे एक पोते कसे येते ते पाहू.

खेड्यातून गोळा झालेली तूर ट्रकने किंवा रेल्वेने बंदराजवळील गोदामात येते. तेथे चाळणी, वाळवण व प्रतवारी होऊन ५० किलोच्या पोत्यांत ती भरली जाते. नंतर धुरीकरण करून वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र घेतले जाते, कारण भारताच्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्याशिवाय माल आत घेतला जात नाही. यानंतर पोती २० फुटी कंटेनरमध्ये रचतात. धान्य जड असल्याने ४० फुटी कंटेनर परवडत नाही. आकार अर्धा रिकामा असतानाच वजनाची मर्यादा गाठली जाते. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण २४ टन, म्हणजे ४८० पोती मावतात. दोन लाख टन तूर पाठवायची तर असे ८,३०० हून अधिक कंटेनर लागतील.

एवढे कंटेनर मिळतात कसे? याचे कारण शेतकऱ्यालाही पटण्यासारखे आहे. नागपूरहून संत्री घेऊन गेलेला ट्रक परत येताना रिकामा येण्यापेक्षा कमी भाड्यात माल आणतो. जहाजांचेही तसेच असते. पूर्व आफ्रिकेच्या बंदरांत तांदूळ, औषधे, यंत्रे, कापड असा भरलेला माल जास्त उतरतो आणि बाहेर जाणारा माल त्या मानाने कमी असतो. रिकामे कंटेनर परत न्यावेच लागतात. त्यात तूर, तीळ, काजू भरून आले तर जहाज कंपनीला तेवढाच आधार. म्हणून परतीचे भाडे बहुधा स्वस्त पडते.

नाकाला ते मुंबई हे अंतर सुमारे २,७०० सागरी मैल आहे. ताशी १२ सागरी मैल वेगाने जहाज दिवसाला २८८ मैल कापते. म्हणजे सरळ जहाज नऊ-दहा दिवसांत पोहोचेल. परंतु कंटेनर बरेचदा मधल्या एखाद्या मोठ्या बंदरात उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवितात. तसे झाल्यास तीन-चार आठवडे लागतात. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात (हे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले) किंवा मुंद्रा, चेन्नई, तुतिकोरीन येथे माल उतरतो. सीमाशुल्क व संगरोध तपासणी होऊन तो गोदामात जातो आणि तेथून अकोला, लातूर, जळगाव, नागपूर, इंदूर, कटनी, गुलबर्गा येथील दाळमिलकडे रवाना होतो.

हंगामाचे गणित

मोझांबिक व मालावी हे देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहेत. त्यांचा पावसाळा आपल्या हिवाळ्यात येतो. त्यामुळे दोन्हीकडील वेळापत्रक असे पडते :

पेरणी : तेथे नोव्हेंबर ते जानेवारी, विदर्भात जून-जुलै.
काढणी : तेथे जुलै ते सप्टेंबर, विदर्भात डिसेंबर-जानेवारी.
बाजारातील मुख्य आवक : आफ्रिकी माल भारतीय बंदरांत ऑगस्ट-सप्टेंबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत; आपला माल जानेवारी ते मार्च.

हे वेळापत्रक नीट वाचावे. आपली तूर फुलोऱ्यात असते तेव्हा आफ्रिकेची तूर समुद्रावर असते. आपण मळणी करून पोती भरतो तेव्हा तिकडील माल दाळमिलच्या गोदामात पडलेला असतो. गिरणीवाल्याचे पोट भरलेले असल्यास तो घाई करीत नाही, भाव पाडून मागतो. गोदाम रिकामे असल्यास तोच गिरणीवाला सकाळी अडत्याच्या गादीवर येऊन बसतो. म्हणून जानेवारीतील भावाचा पाया बऱ्याच अंशी सप्टेंबर ते डिसेंबर या काळातील बंदरांवरील हालचालीने घातलेला असतो.

डॉलरचा भाव क्विंटलमध्ये कसा आणावा?

वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवरील संदेशात 'गजरी तूर ७०० डॉलर सीआयएफ' असे छापून येते. सीआयएफ म्हणजे मालाची किंमत, विमा आणि भारतीय बंदरापर्यंतचे जहाजभाडे मिळून एका टनाचा भाव. तो रुपयांत असा आणावा. येथील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. त्या दिवशीचे आकडे घालून हिशेब करावा.

भाव ७०० डॉलर, डॉलरचा दर ८५ रुपये : ७०० × ८५ = ५९,५०० रुपये प्रति टन, म्हणजे ५,९५० रुपये प्रति क्विंटल. बंदराचा खर्च, हमाली, दलाली, नागपूरपर्यंतचे ट्रकभाडे मिळून समजा ३५० रुपये. एकूण ६,३०० रुपये. आयात शुल्क लागू असेल तर ते वेगळे धरावे.

आता दुसरा टप्पा. गिरणीवाला तूर घेत नाही, तो तुरीतील डाळ घेतो. समजा आयात तुरीपासून क्विंटलला ६८ किलो डाळ पडते आणि आपल्या स्वच्छ, टपोऱ्या तुरीपासून ७२ किलो. चुरी व टरफलाची किंमत बाजूला ठेवू. आयात मालातील डाळ ६,३०० ÷ ६८ = ९२.६५ रुपये किलो पडली. त्याच दराने आपली तूर ९२.६५ × ७२ = सुमारे ६,६७० रुपयांची झाली. म्हणजे केवळ उताऱ्यामुळे ३७० रुपये जास्त. देशी तुरीची चव व लवकर शिजण्याचा गुण यांचे पैसे त्यावर वेगळे. परंतु मालात माती, काडी, फुटके दाणे व ओल असेल तर हा फायदा तेथेच संपतो. प्रतवारी करावी असे आम्ही वारंवार सांगतो त्यामागे हा हिशेब आहे.

याच गणितातून आणखी एक गोष्ट कळते. डॉलर एक रुपयाने महागला तर ७०० डॉलरच्या तुरीचा भाव क्विंटलमागे ७० रुपयांनी चढतो. जहाजभाडे टनामागे १० डॉलरने वाढले तर क्विंटलमागे ८५ रुपये वाढतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. तो मार्ग आपल्या तुरीचा नव्हता. पण जहाजे व कंटेनर अडकून पडल्याने भाड्याचा ताण इतर मार्गांवरही जाणवला.

करार, अधिसूचना आणि २०१७ चा धडा

बंदरातून माल किती यावा हे केवळ जहाज ठरवीत नाही. दिल्लीची अधिसूचनाही ठरविते. २०१४ पासूनच्या घडामोडी क्रमाने पाहिल्यास हे स्पष्ट होते.

२०१४ व २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे कमी पडले. २०१५ मध्ये किरकोळ बाजारात तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. या टंचाईत जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी दीर्घ मुदतीचा करार केला. २०१६-१७ मध्ये एक लाख टनांपासून सुरुवात करून २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन तूर व इतर कडधान्ये घेण्याचे ठरले. पण करारावर सह्या होत असतानाच आपल्याकडे चांगला पाऊस पडत होता आणि आधीचा भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली होती. २०१५-१६ मध्ये देशात सुमारे २६ लाख टन तूर झाली होती. २०१६-१७ मध्ये ती ४८ लाख टनांच्या वर गेली.

तो उन्हाळा मला आठवतो. आदल्या वर्षीचा नऊ-दहा हजारांचा भाव वडिलांच्या डोक्यात पक्का होता. जानेवारीत त्यांनी तूर विकली नाही. फेब्रुवारीत बाजार उतरला, तेव्हा "चढेल" म्हणून थांबले. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये होता, म्हणून एप्रिलमध्ये आम्ही पोती ट्रॅक्टरवर घालून एका खरेदी केंद्रावर गेलो. बारदाना संपला होता. दोन रात्री ट्रॉलीखाली काढल्या आणि तिसऱ्या दिवशी माल परत आणला. अखेर तो व्यापाऱ्याला चार हजारांच्या आत द्यावा लागला. मी तेव्हा पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून आलो होतो. तुरीच्या मुळावरील गाठींविषयी मला बरेच सांगता आले असते; पण त्या हिवाळ्यात देशात किती तूर पिकली, किती बंदरावर उतरली, हे मी एकदाही पाहिले नव्हते.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली; मोझांबिकशी झालेला करार तेवढा वगळला. आपल्या दृष्टीने ते आवश्यक होते. परंतु समुद्रापलीकडे याचा परिणाम उलट झाला. भारत घेणारच या भरवशावर तूर पेरलेल्या मोझांबिक व टांझानियातील शेतकऱ्यांचा भाव कोसळला. अनेकांची तूर पडून राहिली. म्हणजे एकाच वर्षात नाम्पुलाचा शेतकरी आणि विदर्भाचा शेतकरी दोघेही बुडाले, आणि दोघांनाही दुसऱ्याची खबर नव्हती. आयात हा शब्द उच्चारताना तिकडचा शेतकरी आपला वैरी आहे असे समजण्याचे कारण नाही. दोघेही आदल्या वर्षीचा भाव पाहून पेरतात, हेच दोघांचे दुखणे आहे.

मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा खुली झाली. मोझांबिकशी वर्षाला दोन लाख टन व मालावीशी ५० हजार टन असे करार २०२५-२६ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी झाले. खुल्या आयातीची मुदत दरवर्षी वाढत गेली. २०२५ मध्ये ती ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. अशी मुदत संपत येते तेव्हाची अधिसूचना अवश्य पाहावी, कारण तिच्या एका ओळीने बाजार हलतो.

२०२३ : नाकालात अडकलेली तूर

२०२३ च्या शेवटच्या तिमाहीत उलट चित्र दिसले. देशात आधीच्या हंगामात पीक कमी आले होते आणि २०२३ चा पाऊसही अनियमित होता. अशा वेळी मोझांबिकमध्ये निर्यातदारांतील न्यायालयीन वादामुळे नाकाला बंदरातील तुरीचे मोठे साठे अडकून पडले. धक्का होता, क्रेन होती, जहाज मिळत होते. पण कागद पुढे सरकत नव्हता. बंदरातील सर्वांत महत्त्वाची सोय क्रेन नसून सुरळीत कागदपत्र आहे, हे त्या वेळी दिसून आले. २०२४ च्या सुरुवातीस आपल्या बाजारांत तुरीने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. हमीभाव तेव्हा ७,००० रुपये होता. या तेजीचे मूळ कारण देशातील कमी पीक हे होते, परंतु बंदरातील अडथळ्याने ती अधिक तापली.

पुढे काय झाले? तेजी पाहून आयात वाढली, २०२४-२५ मध्ये ती १२ लाख टनांवर गेली, आपलेही पीक बरे आले, आणि २०२५ च्या सुरुवातीस भाव ७,५५० या हमीभावाच्या आसपास व अनेक दिवस त्याखाली राहिला. ज्यांनी "मागच्या वर्षी बारा हजार होते" म्हणून माल रोखला त्यांची फसगत झाली. २०१७ चाच धडा, आठ वर्षांनी.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

१) सप्टेंबर ते डिसेंबर दर महिन्याला तीन आकडे वहीत लिहावेत : आफ्रिकी तुरीचा डॉलरमधील भाव, डॉलरचा रुपयातील दर आणि त्या महिन्यात देशात आलेली तूर. कृषी वार्तापत्रे व व्यापारी पत्रांतून हे आकडे मिळतात. वर दिल्याप्रमाणे नागपूरपोच भाव काढावा. आपला भाव सहसा त्याच्या फार दूर जात नाही.

२) आदल्या वर्षीच्या भावावरून निर्णय घेऊ नये. भाव चढला की पेरा वाढतो, आयात वाढते, साठ्यांवर मर्यादा येतात. जून २०२३ व जून २०२४ मध्ये केंद्राने तुरीच्या साठ्यावर अशी मर्यादा घातली होती.

३) माल एकाच दिवशी विकू नये आणि सगळा रोखूनही धरू नये. एक हिस्सा मळणीनंतर देणी फेडण्यासाठी, दुसरा मार्च-एप्रिलमध्ये आणि तिसरा पावसाच्या तोंडावर, अशी विभागणी केल्यास सरासरी भाव पदरात पडतो.

४) हमीभावाने विक्रीसाठी नोंदणी आधीच करावी. नाफेड व एनसीसीएफ या संस्थांसाठी जानेवारी २०२४ पासून ई-समृद्धी पोर्टलवर नोंदणीची सोय आहे. २०२५-२६ हंगामासाठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये ठरविण्यात आला होता. भाव हमीखाली गेल्यावर रांगेत उभे राहण्यात अर्थ नाही. नोंदणी असेल तर पर्याय हाती राहतो.

५) पैशाची नड असेल तर शेतमाल तारण योजनेचा विचार करावा. या योजनेत बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवून तिच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळू शकते. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का याची हंगामापूर्वी चौकशी करावी.

६) साठवायची तूर कडक वाळवावी. खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. घरी साठवणीसाठी तो ९ ते १० टक्के असावा. दाणा दाताखाली धरल्यास कट्कन तुटला पाहिजे. भुंग्याची अंडी शेतातूनच शेंगेवर येतात, म्हणून पोती भरण्यापूर्वी दोन-तीन कडक उन्हे द्यावीत व हवाबंद पिशव्यांचा वापर करावा. भाव चढेपर्यंत थांबलो आणि माल भुंग्याने खाल्ला, असे होऊ देऊ नये.

७) लाल व पांढरी तूर, तसेच वेगवेगळे वाण एकत्र करू नयेत. शेतकरी उत्पादक कंपनीकडे चाळणी यंत्र असल्यास पाच-दहा जणांनी मिळून एकसारख्या प्रतीचा पूर्ण ट्रक भरावा. नाकालाचा व्यापारी ४८० पोती एकसारखी करून पाठवितो. आपण त्याच बाजारात उभे आहोत.

थोडक्यात, तुरीचा भाव तीन ठिकाणी ठरतो : आपल्या शिवारात, दिल्लीच्या अधिसूचनेत आणि समुद्रापलीकडील बंदरात. पहिल्या ठिकाणी आपण राबतोच. उरलेल्या दोन ठिकाणांवर आपला अधिकार चालत नाही, परंतु नजर चालू शकते. मेळाव्यातील त्या वयस्क शेतकऱ्याला मी आता उलट प्रश्न विचारतो, "दादा, या महिन्यात बंदरावर तूर किती उतरली, ठाऊक आहे का?" पहिल्या वर्षी कोणी बोलत नाही. दुसऱ्या वर्षी दोघे-तिघे खिशातून वही काढतात. त्या वह्यांच्या पानांतूनच "विकू की ठेवू" याचे उत्तर निघेल.